न्यूरॉन तर विभाजितच होत नाहीत, मग ते म्हातारे कसे होतात? (अल्झायमर, पार्किन्सन आणि पेशींचं वय)

अर्धवट_विज्ञान

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आजीला (आईची आई) अल्झायमर होता, तो आम्ही सगळ्यांनी जवळून बघितलाय. आता मोठ्या मावशीला पार्किन्सनचं निदान झालंय. त्यामुळे आई आणि धाकटी मावशी दोघींनीही मनाशी धरलंय की पुढचा नंबर आपलाच. त्यात मावसभावाने फॅमिली ग्रुपवर दोन लिंका टाकल्या. एक टेलोमेअर (गुणसूत्रांची टोकं) टेस्टची, म्हणजे रक्त नाहीतर थुंकी पाठवा, आम्ही तुमच्या पेशींचं खरं वय सांगतो. दुसरी कॅप्सूलची, तिच्यावर लिहिलंय 'सेनोलिटिक', म्हणजे म्हणे शरीरातल्या म्हाताऱ्या पेशी साफ होतात आणि मेंदू तरुण राहतो. आई म्हणते मागवूया, जातंय काय.

शाळा सुटली तसा बायोलॉजीचा आणि माझा संबंध सुटला, तरी दोन रात्री बसून बरंच काही वाचलं आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलोय. जिथे तिथे लिहिलेलं असतं की पेशी ठराविक वेळाच विभाजित होते, दर वेळी टेलोमेअर झिजतात, झिजून संपले की पेशी म्हातारी. बरं, ठीक. पण मग दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं की मेंदूतले न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, जन्मानंतर जवळपास विभाजित होतच नाहीत. अहो मग टेलोमेअर झिजतील कशाला? आणि झिजतच नसतील तर पेशींचं म्हातारपण आणि अल्झायमर यांचा संबंध जोडतायत तो कुठल्या आधारावर, का नुसतंच दोन्ही गोष्टी म्हातारपणी होतात म्हणून एकमेकांना चिकटवून दिल्यात?

कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर सांगा. टेस्ट आणि कॅप्सूलबद्दलही सांगा, कारण ते मला आईला पटवायचंय.

पेट्रीडिश

धागा आवडला, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. मी ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी वाढवण्याच्या लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे कॅप्सूलचं दुसरं कोणीतरी सांगेल, मी पेशींचं सांगतो. लांबण लागेल.

आधी टेलोमेअर. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या फायब्रोब्लास्ट (कातडीसारख्या भागांना आधार देणाऱ्या) पेशी डिशमध्ये साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. त्याआधी सगळे ॲलेक्सिस कॅरेलच्या भरवशावर होते, त्याने कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी १९१२ पासून जिवंत ठेवल्याचा दावा होता आणि पेशी अमर असते असंच धरून चाललेले. हेफ्लिकनंतर बऱ्याच वर्षांनी कारण सापडलं, गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात आणि ती प्रत्येक विभाजनात थोडी कमी होतात, त्यावर २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना मिळालं. इतकी गोष्ट पॉप्युलर झाली आणि लोकांनी तिथेच पुस्तक मिटलं.

पण पेशी थांबायला टेलोमेअर झिजणं हे फक्त एक कारण आहे. डीएनएला मार बसला, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) बिघडले, एखादं कॅन्सरचं जनुक चालू झालं, रेडिएशन मिळालं, अशा कुठल्याही कारणाने पेशी ब्रेक मारू शकते. हे ब्रेक म्हणजे पी५३, पी२१, पी१६ वगैरे प्रथिनं. मूळ हेतू चांगला आहे, बिघडलेल्या पेशीने वाढून कॅन्सर करू नये. अडचण अशी की ही थांबलेली पेशी मरत नाही. ऑफिसातून रिटायर झालेला माणूस रोज तरीही येऊन खुर्चीत बसतो, काम शून्य आणि दिवसभर मोठ्याने कुरकुर करून आजूबाजूच्या चारजणांचंही काम बिघडवतो, तसला प्रकार. जूडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने २००८ मध्ये ही कुरकुर नीट मोजली. अशा पेशी आयएल-६, आयएल-८ सारखे दाह वाढवणारे रेणू आणि आजूबाजूची जाळी कुरतडणारी एन्झाइम्स बाहेर सोडत राहतात, आणि वाईट म्हणजे शेजारच्या धडधाकट पेशीलाही तोच रोग लावू शकतात.

दिसायला कशा असतात ते सांगतो कारण हे मी स्वतः रोज बघतो. तरुण पेशी डिशमध्ये सडपातळ, एका दिशेला आडव्या लागलेल्या असतात. थांबलेल्या पेशी फुगून चपट्या पसरतात, एकेक इतकी मोठी की मायक्रोस्कोपच्या एका फील्डमध्ये मोजक्याच मावतात. ओळखायला आपण निळा रंग देतो, १९९५ पासूनची पद्धत, पीएच बरोब्बर ६ ठेवायचा आणि ३७ डिग्रीला रात्रभर ठेवायचं, पण नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडवाल्या इनक्युबेटरमध्ये नाही, कारण त्या वायूने पीएच घसरतो आणि मग तरुण पेशीही निळ्या दिसायला लागतात. नवीन मुलं हमखास इथेच फसतात.

आता तुमचा खरा प्रश्न. मेंदूत फक्त न्यूरॉन नसतात हो. ॲस्ट्रोसाइट असतात, मायक्रोग्लिया असतात (मेंदूतले सफाई कामगार आणि पहारेकरी एकाच वेळी), मायलिन (न्यूरॉनच्या तारांवरचं आवरण) बनवणाऱ्या पेशी आणि त्यांच्या पूर्वज पेशी असतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर असतं. यातल्या बऱ्याच पेशी विभाजित होऊ शकतात आणि थांबूही शकतात. २०१८ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने नेचरमध्ये छापलेला प्रयोग बघा. टाऊ प्रथिनाच्या गुठळ्या (अल्झायमरमध्ये होतात तशा) होणारे उंदीर घेतले, त्यांच्यात अशी सोय केलेली की एक औषध दिलं की पी१६ चालू असलेल्या पेशी तेवढ्या मरतात. लहानपणापासून असं साफ करत राहिले तर टाऊच्या गुठळ्या बऱ्याच कमी झाल्या आणि उंदरांची स्मरणशक्ती टिकली. आणि मरत होत्या त्या पेशी कुठल्या? ॲस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया. न्यूरॉन नव्हेत.

त्याच वर्षी पार्किन्सनवर. पॅराक्वाट नावाचं तणनाशक आहे, त्याच्याशी संपर्क आणि पार्किन्सन यांचा संबंध आधीपासून माहीत होता. दिसलं असं की पॅराक्वाटने ॲस्ट्रोसाइट थांबतात, आणि उंदरांमध्ये त्या काढून टाकल्या तर न्यूरॉनचं नुकसान कमी होतं. मेलेल्या पार्किन्सन पेशंटच्या मेंदूत जिथे न्यूरॉन मरतात त्याच भागात या थांबलेल्या पेशींच्या खुणा जास्त सापडल्या. २०१९ मध्ये अल्झायमरच्या अमायलॉइड (मेंदूत साचणारं एक प्रथिन) थरांभोवती मायलिनच्या पूर्वज पेशी थांबलेल्या सापडल्या.

तर थोडक्यात, न्यूरॉन स्वतः विभाजित होत नसला तरी तो ज्या मोहल्ल्यात राहतो तो मोहल्ला म्हातारा होतो. नुसतं चिकटवलेलं नाहीये.

तिरकस

छान लिहिलंत, पण उंदरांवर झालेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास अर्धाच असतो. अल्झायमरचा उंदीर हा मुळात बनवलेला असतो, निसर्गात उंदराला अल्झायमर होत नाही. आजवर उंदीर किती वेळा बरे झाले याचा हिशोब ठेवला तर एव्हाना रोगच उरायला नको होता.

आणि 'पेशी म्हाताऱ्या झाल्या की मेंदू जातो' यातली मला बोचणारी गोष्ट अशी. प्रोजेरिया घ्या, हचिन्सन-गिलफोर्ड, लहान मुलं झपाट्याने म्हातारी होण्याचा रोग. मुलांचे केस जातात, कातडी सुरकुतते, हाडं झिजतात, आणि टीनएजमध्येच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकने जातात. म्हणजे पेशी वेगाने म्हाताऱ्या होण्याचं याहून मोठं उदाहरण नाही. पण या मुलांची बुद्धी त्यांच्या वयाला साजेशी, एकदम तल्लख असते. अल्झायमर नाही, पार्किन्सन नाही. असं का?

उलट्या बाजूने हेंड्रिकये व्हान आंडेल-शिपर, नेदरलँड्सच्या बाई, २००५ मध्ये ११५ व्या वर्षी गेल्या. त्यांनी ८२ व्या वर्षीच देहदानाचा फॉर्म भरला होता, नंतर संशोधकांनी ११२ आणि ११३ व्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या चाचण्या घेतल्या, तर निकाल साठ ते पंचाहत्तरच्या निरोगी माणसांच्या सरासरीपेक्षा वर. आणि गेल्यावर मेंदू उघडला तर अल्झायमरच्या खुणा जवळजवळ नाहीत. ११५ वर्षांचे न्यूरॉन!

तेव्हा वय हा रिस्क आहे, मान्य, पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी डिमेन्शियाचा धोका साधारण दुप्पट होत जातो हेही मान्य. पण वय म्हणजेच रोग हे मला मान्य नाही.

पेट्रीडिश

तिरकस, मुद्दा बरोबर आहे आणि प्रोजेरियाचं उत्तर फार मस्त आहे म्हणून सांगतोच.

प्रोजेरियात लॅमिन-ए नावाच्या प्रथिनात बिघाड असतो, २००३ मध्ये जनुक सापडलं. हे लॅमिन पेशीच्या केंद्रकाचं आतलं अस्तर असतं. आता न्यूरॉनमध्ये मिर-९ नावाचा एक छोटासा आरएनए भरपूर असतो आणि तो लॅमिन-ए बनूच देत नाही, न्यूरॉन आपला लॅमिन-सी वर भागवतो. म्हणजे बिघडलेलं प्रथिन न्यूरॉनमध्ये जवळपास बनतच नाही, म्हणून ते वाचतात. त्यामुळे प्रोजेरियावरून 'पेशींचं म्हातारपण आणि मेंदूचे रोग यांचा संबंध नाही' असं नाही सिद्ध होत. सिद्ध एवढंच होतं की म्हातारपण ही एकच एक गोष्ट नाहीये आणि प्रत्येक अवयव आपापल्या तऱ्हेने म्हातारा होतो.

मग न्यूरॉनचं स्वतःचं म्हातारपण कसलं? हे मघाशी मी गाळलं होतं. आपल्या मेंदूच्या बाहेरच्या थरातले न्यूरॉन साधारण आपल्याच वयाचे असतात. हे कसं कळलं तर अणुचाचण्यांमुळे. १९५० च्या दशकापासून हवेत खूप कार्बन-१४ सोडला गेला, चाचण्या थांबल्यावर तो कमी होत गेला, आणि पेशीचा डीएनए ज्या वर्षी बनला त्या वर्षाच्या हवेची खूण त्यात कायमची राहते. २००६ मध्ये स्वीडनच्या गटाने मेलेल्या माणसांच्या मेंदूतले न्यूरॉन वेगळे काढून तपासले, खूण जन्माच्या वर्षाची निघाली. म्हणजे तीच पेशी सत्तर ऐंशी वर्षं, बदली नाही, सुट्टी नाही. त्यातली काही प्रथिनंसुद्धा तेवढीच जुनी असतात, उंदरांच्या मेंदूत केंद्रकाच्या दारातली प्रथिनं वर्षभरानंतरही तीच सापडलीत, आणि उंदराचं वर्ष म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

विभाजित होणाऱ्या पेशीला एक सोय असते, कचरा विभाजनातून झालेल्या दोन पोरींमध्ये (नव्या पेशींमध्ये) वाटला जातो आणि पातळ होतो. न्यूरॉनला ती सोय नाही. जे साचेल ते साचेल, त्यामुळे सगळा भार ऑटोफॅजीवर, म्हणजे पेशीने आपलंच मोडकंतोडकं सामान गिळून पचवण्यावर, ओसुमींना २०१६ चं नोबेल ज्याबद्दल मिळालं ते. २००६ मध्ये जपानच्या दोन गटांनी उंदरांच्या फक्त न्यूरॉनमध्ये ऑटोफॅजीची जनुकं बंद केली, बाकी कुठलाही रोग लावला नाही, तरी प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या आणि न्यूरॉन मेले. नुसती सफाई बंद केली तर! आणि वयाबरोबर ही सफाई सगळ्यांचीच मंदावते.

पार्किन्सनमध्ये जे न्यूरॉन मरतात ना, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातले, त्यांचं तर विचारूच नका. एकेका न्यूरॉनच्या फांद्या इतक्या की माणसात दहा लाखांहून जास्त जोडण्या असाव्यात असा अंदाज आहे, वर तो स्वतःच सतत टिकटिक करत राहतो, दर टिकटिकीला कॅल्शियम आत येतं, ते बाहेर फेकायला ऊर्जा लागते, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया कायम ताणलेले. त्यात डोपामिनचं (हे न्यूरॉन निरोपासाठी वापरतात ते रसायन) ऑक्सिडेशन होऊन काळा रंग साचत जातो, नायग्रा म्हणजे काळं हे नाव त्याचंच. पिंक१ आणि पार्किन ही दोन जनुकं बिघडली की लहान वयातच पार्किन्सन होतो, आणि दोघांचं काम काय तर खराब मायटोकॉन्ड्रिया उचलून कचऱ्यात टाकणं. सगळे धागे एकाच जागी येतात. तुमच्या मावशींचा मेंदू बिघडायला पेशींचं म्हातारपण कुठे लागतं विचाराल तर माझं उत्तर हे आहे, टेलोमेअर नाही.

न्यूरॉन स्वतः सेनेसन्ट (म्हणजे वरच्यासारखी थांबलेली, कुरकुरणारी पेशी) होतो का यावर मात्र भांडण चालू आहे. २०१८ मध्येच दुसऱ्या एका गटाला टाऊच्या गुठळ्या असलेल्या न्यूरॉनमध्येच त्या खुणा सापडल्या, मेयोवाल्यांना ग्लियामध्ये, म्हणजे ॲस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लियामध्ये. शिवाय अल्झायमरच्या मेंदूत काही न्यूरॉन इतक्या वर्षांनी पुन्हा विभाजनाची तयारी सुरू करताना दिसतात, ते पूर्ण होत नाही आणि बहुतेक मरतात. आता मरायच्या ऐवजी काही तिथेच अडकून बसतात का, याला तुम्ही कुठलं नाव द्याल ते द्या, दोन शास्त्रज्ञ तुम्हाला दोन नावं देतील.

काठावरची

वाचतेय, फार माहितीपूर्ण धागा. एक विचारू का, कदाचित अवांतर होईल. आमच्याकडे सासरी हंटिंग्टन (मेंदूचा आनुवंशिक रोग) आहे. त्यात तर जनुक जन्मापासूनच बिघडलेलं असतं ना, पेशीत पहिल्या दिवसापासून. मग तीस चाळीस वर्षं माणूस ठणठणीत कसा राहतो? हे कोणी कधी आम्हाला नीट सांगितलंच नाही, वय झालं की होतं एवढंच म्हणतात.

पेट्रीडिश

अवांतर अजिबात नाही, उलट या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. आणि याचं बरंचसं उत्तर अगदी अलीकडे मिळालंय.

हंटिंग्टनमध्ये एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने फार वेळा येतात. ३५ पर्यंत चालतं, ४० किंवा वर गेलं की रोग होणार. रक्ततपासणीत जो आकडा येतो, समजा ४२, तो सगळ्या पेशींत जन्मभर ४२ च राहतो असं बरीच वर्षं समजत होते, निदान त्याकडे फार लक्ष देत नव्हते. पण जानेवारी २०२५ मध्ये सेल या नियतकालिकात आलेलं काम असं सांगतं की मेंदूतल्या स्ट्रायटम नावाच्या भागातल्या ठराविक न्यूरॉनमध्ये हा आकडा वाढत जातो. विभाजन नाही, तरी वाढतो, कारण डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच दुरुस्ती करताना एखादं सीएजी जास्तीचं घुसवते. आधी फार फार हळू, ८० पर्यंत जायला कित्येक दशकं. मग भराभर. आणि १५० च्या पुढे गेल्यावर पेशीतली जनुकं विस्कटायला लागतात आणि पेशी मरते. त्याआधी ती पेशी जवळपास निरोगी असते!

म्हणजे ती तीस चाळीस वर्षं रोग आत लपून कुरतडत नव्हता, आकडा वाढत होता. आणि प्रत्येक पेशीचा आकडा वेगवेगळ्या वेळी १५० ओलांडतो म्हणून माणूस एकदम न कोसळता हळूहळू जातो. दुरुस्तीच्या यंत्रणेतल्या कुठल्या जनुकांमुळे रोग लवकर किंवा उशिरा सुरू होतो हे मोठ्या अभ्यासांमधून आधीच माहीत होतं, एमएसएच३ त्यातलं एक, त्यामुळे आता ते अडवता येईल का यावर बरेच लोक लागलेत. औषध हातात आलेलं नाही, खोटी आशा लावत नाही. पण 'वय झालं की होतं' याच्यामागे इतकं नेमकं काहीतरी असू शकतं हे मला अजूनही भन्नाट वाटतं.

काठावरची

धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला पहिल्यांदाच कोणीतरी सरळ सांगितलं.

रात्रपाळी

धागा आज बघितला. मी डॉक्टर आहे, न्यूरॉलॉजीत नाही पण म्हातारे पेशंट रोजचेच. धागाकर्त्याने टेस्ट आणि कॅप्सूल विचारलंय आणि ते सगळे विसरले, म्हणून मी.

टेलोमेअर टेस्ट करू नका. ती मोजते पांढऱ्या रक्तपेशींमधले टेलोमेअर, किंवा थुंकीतून आलेल्या पेशींचे. मेंदूबद्दल त्यातून काही कळत नाही. तिरकसांनी वर ज्या डच बाईंचं सांगितलं ना, त्यांच्याच पेशी २०१४ मध्ये तपासल्या होत्या, पांढऱ्या पेशींचे टेलोमेअर मेंदूतल्यापेक्षा कितीतरी आखूड निघाले. आईंचा रिपोर्ट वाईट आला तर त्या उगाच घाबरणार, चांगला आला तर उगाच निश्चिंत होणार, आणि कुठल्याही रिपोर्टवर मी किंवा दुसरा कुठलाही डॉक्टर वेगळं काही करणार नाही. आणि हो, टेलोमेअर लांब म्हणजे छानच असंही नाही, जनुकीय अभ्यासांमध्ये लांब टेलोमेअरवाल्यांना काही कॅन्सरचा धोका जास्त दिसतो.

कॅप्सूल. यात बहुतेक क्वेर्सेटिन असणार. संशोधनात जे वापरतात ते दासाटिनिब आणि क्वेर्सेटिन अशी जोडी. दासाटिनिब हे ब्लड कॅन्सरचं औषध आहे, प्लेटलेट पाडतं, फुप्फुसाभोवती पाणी करू शकतं, मेडिकलमधून आणून घ्यायची गोष्ट नव्हे. अल्झायमरमध्ये या जोडीची पहिली छोटी चाचणी २०२३ मध्ये छापून आली, पेशंट किती तर पाच. बारा आठवडे, दर दोन आठवड्यांनी लागोपाठ दोन दिवस डोस. उद्देश फक्त एवढाच की औषध मेंदूपर्यंत पोचतं का आणि झेपतं का. पाचातल्या चौघांच्या मणक्यातल्या पाण्यात (तेच मेंदूभोवतीही असतं) दासाटिनिब सापडलं. क्वेर्सेटिन सापडलं नाही. स्मरणशक्तीत सांगण्यासारखा फरक नाही, आणि पाच माणसांत तो दिसायचाही नव्हता. तर तुमच्या भावाची कॅप्सूल म्हणजे त्या जोडीतलं जे मेंदूच्या पाण्यात दिसलंच नाही ते.

सेनोलिटिक प्रकार बंडल आहे असं मी म्हणत नाही, पुढच्या चाचण्या होतायत, होऊ देत. पण गुडघेदुखीवर असंच एक इंजेक्शन होतं, उंदरात उत्तम, २०२० मध्ये माणसांवरच्या चाचणीत सपशेल फेल. शिवाय या थांबलेल्या पेशी सगळ्या वाईटच असतात असंही नाही, जखम भरायला त्या मदत करतात, त्या काढलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरल्या. आणि मोठ्या मावशी पार्किन्सनच्या गोळ्यांवर असतील तर त्यांना न्यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय कुठलीच सप्लिमेंट देऊ नका, हे ठळक समजा.

आता वारशाचं. आजींचा अल्झायमर आणि मावशींचा पार्किन्सन हे दोन वेगळे रोग आहेत, एकाची बेरीज दुसऱ्यात करायची नसते. उतारवयातल्या अल्झायमरमध्ये एपीओई४ हा जनुकाचा प्रकार धोका वाढवतो, आई आणि वडील दोघांकडूनही आला असेल तर बराच, पण दोन असूनही न होणारी माणसं आहेत आणि एकही नसताना होणारी आहेत. पार्किन्सनच्या बहुतेक पेशंटमध्ये एकच एक दोषी जनुक सापडत नाही. आईंना काही करायचंच असेल तर बीपी आणि शुगर ताब्यात, आणि कान तपासून घ्या, ऐकू कमी येत असेल तर मशीन लावा. लॅन्सेटच्या २०२४ च्या समितीने १४ घटक काढलेत, कमी ऐकू येणं आणि वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल दोन्ही त्यात आहेत, आणि हिशोब असा की हे सगळे सावरले तर डिमेन्शियाच्या साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील. ऐकायच्या मशीनची लिंक कोणी ग्रुपवर टाकत नाही, ते असो.

तिरकस

रात्रपाळी, पाच पेशंटवाला मुद्दा लाखमोलाचा. मी एवढंच वाढवतो की २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (औषधांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) 'तरुणांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) टोचून घेऊ नका' अशी जाहीर सूचना काढावी लागली होती, लोक पैसे देऊन टोचून घेत होते. तोही उंदरांवरच्या प्रयोगातूनच सुरू झालेला प्रकार. कॅप्सूल त्यामानाने सोज्वळ म्हणायची.

अर्धवट_विज्ञान

मंडळी, कसे आभार मानू कळत नाही. तीनदा वाचला सगळा धागा. आईला क्वेर्सेटिन मेंदूच्या पाण्यात सापडलंच नाही हे वाक्य दाखवलं, कॅप्सूल रद्द. टेस्टचं मात्र मावसभाऊ आधीच पैसे भरून बसलाय, त्याचा रिपोर्ट आला की फ्रेम करून लावेल. आईच्या कानांची अपॉइंटमेंट घेतोय, टीव्हीचा आवाज हल्ली तसाही तिसऱ्या खोलीत येतो.

एक शेवटचं, पेट्रीडिश तुम्हाला. मावशीला कोणीतरी सांगितलंय की हल्ली पेशंटच्या कातडीपासून न्यूरॉन बनवून त्यांच्यावर औषधं तपासतात. ते न्यूरॉन तर मग एकदम कोरे करकरीत असणार ना? म्हाताऱ्यांचा रोग कोऱ्या पेशीत कसा दिसेल?

पेट्रीडिश

अगदी बरोबर पकडलंत, आमची नेमकी हीच डोकेदुखी आहे. कातडीची पेशी आधी मागे नेऊन स्टेम सेल (कुठलीही पेशी बनू शकणारी मूळ पेशी) केली आणि मग तिच्यापासून न्यूरॉन बनवला तर वय पुसलं जातं, ऐंशी वर्षांच्या दात्याचा न्यूरॉनसुद्धा गर्भातल्यासारखा वागतो. पण स्टेम सेलचा टप्पा गाळून कातडीच्या पेशीपासून थेट न्यूरॉन बनवला तर दात्याच्या वयाच्या खुणा बऱ्याच प्रमाणात टिकतात, हे सॉल्क इन्स्टिट्यूटच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. तोटा असा की थेट बनवलेले न्यूरॉन वाढत नाहीत, जेवढे झाले तेवढेच, आणि म्हाताऱ्या दात्याच्या पेशीतून ते आणखीच कमी होतात, त्यामुळे हजारो औषधं तपासायला पुरत नाहीत. म्हणून बरेच लोक कोऱ्या पेशीच वापरतात आणि त्यांना मुद्दाम म्हातारं करायला बघतात, कोणी प्रोजेरियाचं बिघडलेलं लॅमिन घालून, कोणी ऑक्सिडेशनचा ताण देऊन. मावशींनी कातडी द्यायची ठरवली तर आधी विचारा की थेट बनवणार आहात का स्टेम सेलमार्गे, आणि ते न्यूरॉन पुढे कोणकोणत्या कामाला वापरणार तेही लेखी मागा.